वारा, वेग आणि रायफलची गोळी

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होण्यापूर्वी शिकाऱ्यांमध्ये एका प्रश्नावर हमखास चर्चा होते. वाऱ्यातही मार्ग फारसा न सोडणारी गोळी कोणती? भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्याने आपल्याकडे हा विषय नेमबाजीच्या मैदानापुरताच उरला आहे. अमेरिकेत मात्र ठरावीक मोसमात परवाना घेऊन शिकार करता येते आणि गोळीची निवड चुकल्यास त्याची किंमत जखमी जनावराला मोजावी लागते.

विलंबाचे गणित

वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकते, हा समज अर्धाच खरा आहे. गोळीला निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ आणि हवेतून जाताना प्रत्यक्षात लागणारा वेळ यांतील फरकाला वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणले की विचलन मिळते. फ्रेंच तोफखान्यातील इसिदोर दिदियों यांनी १९व्या शतकात मांडलेले हे सूत्र आजही वापरले जाते. याचाच अर्थ, केवळ सुरुवातीचा वेग पुरेसा नसून तो टिकणे महत्त्वाचे असते. हवेला भेदून वेग टिकवण्याची गोळीची क्षमता 'बॅलिस्टिक कोएफिशियंट' या आकड्याने दर्शवली जाते. टोकदार अग्र, मागे निमुळता होत गेलेला बूड आणि व्यासाच्या मानाने अधिक वजन असल्यास हा आकडा वाढतो.

आकडे काय सांगतात?

.३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसाचे उदाहरण घेता येईल. सपाट बुडाची १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला ८६० मीटर वेगाने सुटते, तर निमुळत्या बुडाची १६५ ग्रेनची गोळी ८२३ मीटर वेगाने. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असताना १०० यार्डांवर (९१ मीटर) दोघींतील फरक नगण्य असतो. २०० यार्डांवर पहिली सुमारे ११ सेंटिमीटर सरकते, दुसरी सात. ३०० यार्डांवर हेच आकडे अनुक्रमे २६ आणि १७ होतात. सुटताना मागे असलेली जड गोळीच येथे सरस ठरते.

हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारणपणे २० सेंटिमीटर व्यासाचा धरला जातो, म्हणजे मध्यापासून दहा सेंटिमीटर. शिकाऱ्याने वाऱ्याचा वेग निम्माच गृहीत धरला, तर ३०० यार्डांवर हलकी गोळी मध्यापासून १३ सेंटिमीटर दूर पडेल आणि जखमी जनावर जंगलात निघून जाईल. जड गोळी साडेआठ सेंटिमीटरवर, म्हणजे मर्मस्थानातच लागेल. चांगली गोळी अंदाजाची चूक भरून काढत नाही, मात्र तिची शिक्षा सौम्य करते.

निवडीच्या मर्यादा

लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील पेच अधिक घट्ट असावे लागतात. त्यामुळे प्रत्येक जड गोळी प्रत्येक रायफलमध्ये चालतेच असे नाही. २००७ मध्ये बाजारात आलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस अशाच लांब, सडपातळ गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले. स्पर्धेसाठी बनवलेल्या गोळ्यांचा आकार उत्तम असला, तरी लक्ष्यात शिरल्यावर त्या अपेक्षेप्रमाणे फुलतीलच याची खात्री नसते. त्यामुळे शिकारीसाठी वेगळ्या गोळ्या वापरल्या जातात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तेथे वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या गोळ्यांची घनता कमी असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. काटकोनात वाहणारा वारा पूर्ण परिणाम करतो, ४५ अंशांतून येणारा सुमारे ७० टक्के आणि ३० अंशांतून येणारा निम्मा.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ ची छोटी गोळी वापरतात. तिच्या बाबतीत ध्वनीपेक्षा कमी वेगाची गोळी अनेकदा वेगवान गोळीपेक्षा वाऱ्यात कमी सरकते, कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अवरोध एकदम वाढतो. शिकारीच्या रायफलबाबत मात्र जाणकारांचा सल्ला साधा आहे. १०० यार्डांपर्यंत या आकडेमोडीची गरज नाही. त्यापुढे वेग टिकवणारी गोळी निवडावी, आणि वाऱ्याचा अंदाज येत नसेल तर चाप न ओढता जवळ जावे.