रक्खावरणगुत्ति आणि जुन्नरचे यवन

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. पाण्याची एक पोढी आणि एक मंडप, एवढेच त्याचे दान. याच नहपानाच्या क्षहरात कुळाचा पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने उच्छेद केला. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीने कोरविलेली प्रशस्ती त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा आणि शक, यवन, पह्लव यांचा संहारक म्हणून गौरविते. अपराधी शत्रूचीही हिंसा न रुचणारा राजा, असेही तीच प्रशस्ती म्हणते! भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्यातील ही विसंगती केवळ राजस्तुतीची रीत म्हणून सोडून देणे आम्हांस पटत नाही.

कारण जुन्नरच्या भिंती वेगळे बोलतात. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. कोणता लेख आधीचा, हा वाद येथे गौण आहे. राजाच्या लेखात जो ‘यवन’ मारण्याजोगा ठरतो, तोच संघाच्या लेखात नावानिशी उपासक म्हणून उभा आहे.

चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाचे पहिले कर्तव्य रक्खावरणगुत्ति, म्हणजे रक्षण, हे सांगितले आहे. त्यात नगरजन, ग्रामजन, श्रमण, एवढेच काय पशुपक्षीही येतात. दरिद्र्यांना धन न मिळाल्याने चोरी, चोरीतून शस्त्र, असा ऱ्हास सांगत सुत्त ‘मिगसञ्ञे’पर्यंत येते: माणसे एकमेकांना श्वापद समजून सात दिवस कापीत सुटतात. परंतु राजाच संहारक झाला तर काय, हा प्रश्न उरतो. रवांडा (१९९४) आणि स्रेब्रेनिका (१९९५) येथील कत्तलींनंतर संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या शिखर परिषदेने त्याला उत्तर दिले: राज्य आपल्या जनतेचे नरसंहारापासून रक्षण करण्यात उघडपणे अपयशी ठरल्यास ती जबाबदारी आंतरराष्ट्रीय समुदायाची. २०११ मध्ये लिबियात या तत्त्वाच्या नावाने सत्तांतर घडले आणि अनेक राष्ट्रांचा त्यावरील विश्वास उडाला, हेही नमूद केले पाहिजे.

खरी कसोटी मात्र आपल्या घरची आहे. २०१७ मध्ये बौद्धबहुल म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्यांच्याविरुद्ध विद्वेष पसरविणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. ‘मिगसञ्ञा’ हा शब्द ज्यांच्या पिटकात आहे, त्यांनीच ती जोपासली. जातीच्या नावाने वस्त्या जळताना पाहिलेल्या आम्हां नवदीक्षितांना येथे मौन परवडणारे नाही. नरसंहारविरोधी कराराखाली म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०१९ मध्ये दावा दाखल केला तो कोणत्या बौद्ध राष्ट्राने नव्हे, पश्चिम आफ्रिकेतील गांबियाने. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचा अंतरिम आदेश दिला.