लाल पट्टी आणि कारणाचं अक्षर

खारघरला, बेलपाडा मेट्रो स्टेशनच्या पलीकडे एका टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या कंटेनर ऑफिसात सोमवारी रिव्ह्यू होतो. स्क्रीनवर चौदाव्या स्लॅबची पट्टी लाल झालेली, नऊ दिवस मागे. साइट मॅनेजर म्हणाला, "शटरिंगची पोरं होळीला गावी गेली ती आलीच नाहीत." हेड ऑफिसचे साहेब म्हणाले, "कारणं नकोत. रिकव्हरी प्लॅन द्या."

या पट्टीचं घराणं जुनं आहे. आपल्याकडे आधी होती ती सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजमाप वही, म्हणजे एमबी. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ आणि सही. पण ती काम मोजते, करून घेणाऱ्याला नाही.

माणसाचं मोजमाप आलं कारखान्यातून. पोलंडच्या कारोल अदामियेत्स्कीने 1896 मध्येच असा पट्ट्यांचा तक्ता केला होता, पण नाव लागलं अमेरिकेच्या हेन्री गँटचं. वॉलेस क्लार्कने 1922 मध्ये गँटच्या तक्त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात खरी गंमत आहे. कामगाराच्या कामाची रेघ जिथे अपुरी पडे तिथे एक अक्षर मांडायचं: ए म्हणजे गैरहजर, एम म्हणजे मालाची अडचण, टी म्हणजे हत्याराची, आय म्हणजे सूचनाच मिळाली नाही. यातली बरीचशी अक्षरं साहेबाकडेच बोट दाखवणारी!

हा तक्ता संगणकावर चढताना रेघेला रंग मिळाला आणि अक्षर गळालं. सरकारी कामांवर ते 'हिंड्रन्स रजिस्टर'मध्ये तगून आहे: अडथळा, तारखा, सह्या. त्यावर कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते. मॅनेजरच्या अप्रेझलच्या वेळी ते कोण उघडतंय? खासगी बिल्डरला लागू असलेल्या रेराच्या 2016 च्या कायद्यात मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप आहेत. होळी नाही.

बेलपाड्यावरून जाणारी मेट्रो 11.1 किलोमीटरची. पायाभरणी 1 मे 2011 ला, प्रवासी चढले 17 नोव्हेंबर 2023 ला. एवढ्या साडेबारा वर्षांचा हिशेब कुठल्या एका मॅनेजरच्या नावावर मांडणार?

मीटिंग संपल्यावर आमच्या मॅनेजरने खिशातली डायरी काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि तारखेसमोर लिहिलं: 'सुतार 22 पैकी 6. काँक्रीटची गाडी 4 तास उशिरा.'