कोलकात्याचा प्रवास : पोहोचणे आणि शहरात फिरणे

मदर तेरेसा यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद बहाल झाले. तेव्हापासून त्यांच्या कबरीचे दर्शन घेण्यासाठी कोलकात्यास जाण्याचे बेत आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून होत असतात. गटाने जाणाऱ्या भाविकांच्या, विशेषतः ज्येष्ठांच्या सोयीसाठी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. कोलकाता हे हुगळी नदीच्या पूर्वतीरावर आहे. हावडा हे पश्चिम तीरावरचे वेगळे शहर आहे. मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक गाड्या हावडा बाजूसच थांबतात. त्यातही हावडा जंक्शन निराळे आणि शालिमार निराळे. नदीपलीकडे, खुद्द कोलकात्यात, सियालदा आणि चितपूर भागातील ‘कोलकाता’ अशी आणखी दोन मोठी स्थानके आहेत. आमच्या एका गटाचे परतीचे तिकीट शालिमारचे होते. आलो हावड्याला, तेव्हा परतही तेथूनच जायचे, असे सर्वांनी गृहीत धरले. फलकावर गाडीचे नाव दिसेना, तेव्हा कुठे तिकीट नीट वाचले गेले. दोन आजींना आणि चौदा पिशव्यांना घेऊन टॅक्सीतून केलेली ती धावाधाव आम्ही विसरलेलो नाही. गाडी मिळाली, ती केवळ तिला उशीर झाला म्हणून. तेव्हा तिकिटावरील स्थानकाचे नाव जाताना वाचावे आणि येतानाही वाचावे.

मुंबईहून नागपूरमार्गे हावडा सुमारे १,९७० किलोमीटर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सकाळी लवकर सुटणारी गीतांजली एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचवते. प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ साली ही गाडी सुरू झाली आणि तीत पहिला वर्ग ठेवलेलाच नव्हता. आज तीत वातानुकूलित डबे आहेत. नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल रात्रीची आहे. याच नावाची दुसरी मेल प्रयागराजमार्गे जाते. तिला बरेच अधिक तास लागतात, म्हणून आरक्षण करताना मार्ग पाहून घ्यावा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून जाणाऱ्या ज्ञानेश्वरी आणि शालिमार एक्सप्रेस या शालिमारला थांबतात.

हावडा स्थानकाचे जुने आणि नवे असे दोन भाग आहेत. नागपूरकडून येणाऱ्या गाड्या सहसा नव्या भागात लागतात. गट मोठा असेल तर एकत्र भेटण्याची जागा गाडीतच ठरवून घ्यावी.

येथून नदी ओलांडण्याचे मार्ग अनेक आहेत. पूर्वी बहुतेकांची भिस्त १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या हावडा पुलावर, म्हणजेच रवींद्र सेतूवर असे आणि बडाबाजारच्या गर्दीत बराच वेळ जाई. आता मेट्रो नदीच्या खालून जाते. हावडा मैदान ते एस्प्लेनेड हा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी एस्प्लेनेड ते सियालदा हा मधला दुवा जोडला गेल्यावर हावड्याहून सियालदा बारा मिनिटांच्या आसपास आले. नदीखालचा बोगदा सुमारे ५२० मीटरचा असून तो पाऊण मिनिटात पार होतो. मात्र हावडा मेट्रो स्थानक जमिनीखाली फार खोल आहे. सरकत्या जिन्याचे भय वाटणाऱ्यांसाठी उद्वाहक कोठे आहे हे आधीच विचारावे.

सामान थोडे असेल तर आम्ही फेरीबोट सुचवू. स्थानकासमोरच घाट आहे आणि तेथून बाबूघाट, फेअरली घाट इत्यादी ठिकाणी बोटी जातात. गोराई-मनोरीच्या फेरीबोटीची सवय असलेल्यांना हे काही नवे नाही. भाडे अल्प, वारा मोकळा आणि पूल संपूर्ण दिसतो तो येथूनच.

विमानाने येणाऱ्यांसाठी नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळ शहराच्या उत्तरेस दमदम येथे आहे. ऑगस्ट २०२५ पासून तेथेही मेट्रो पोहोचली आहे. ‘जय हिंद’ स्थानकावरून नोआपाडा येथे यावे, तेथे निळ्या मार्गिकेची गाडी धरावी. एस्प्लेनेड, पार्क स्ट्रीट, कालीघाट ही स्थानके याच मार्गिकेवर आहेत. भारतातील पहिली मेट्रो ती हीच. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लेनेड ते भवानीपूर एवढीच धावू लागली होती. रविवारी सकाळी गाड्या उशिरा सुरू होतात, त्यामुळे सकाळच्या मिस्सेला जाणाऱ्यांनी टॅक्सीची सोय करावी.

मदर हाऊस आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर आहे. सियालदाहून दक्षिणेस सरळ गेल्यास साधारण दोन किलोमीटर अंतर पडते. गुरुवारी ते दर्शनार्थींसाठी बंद असते. दुरून येऊन बंद दार पाहावे लागू नये म्हणून आगमनाचा वार त्याप्रमाणे निवडावा. १९५२ साली सुरू झालेले निर्मल हृदय पाहायचे असेल तर कालीघाट स्थानकावर उतरून मंदिराच्या दिशेने चालत जाता येते.

रस्त्यावरील वाहनांविषयी थोडक्यात. येथील ऑटोरिक्षा बहुधा ठरलेल्या मार्गावर, माणशी भाड्याने चालतात. आपल्याकडील शेअर रिक्षासारखेच, म्हणून दारापर्यंत सोडण्याचा आग्रह धरू नये. पिवळ्या अँबेसेडर टॅक्सी आता विरळ होत आहेत. त्या मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सी नियमानुसार बाद होत गेल्या. हावड्याला प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे, तिचा उपयोग करावा. मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्सीही मिळतात. माणसाने ओढण्याची रिक्षा काही जुन्या वस्त्यांत अजून दिसते.

ट्रामचे मात्र सांगणे कठीण आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. कोलकात्याने ती १८७३ पासून, मधला खंड सोडल्यास, जपली. २०२४ मध्ये राज्य शासनाने मैदान ते एस्प्लेनेड हा वारशाचा पट्टा वगळता ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मिळाली तर अवश्य बसावे, परंतु वेळेची कामे तिच्यावर सोपवू नयेत.

एखादा दिवस हाताशी असल्यास हावड्याहूनच लोकलने बंडेलला जाता येते. सुमारे चाळीस किलोमीटरचा, तासाभराचा प्रवास आहे. तेथील पोर्तुगीजकालीन चर्चची स्थापना १५९९ सालची मानली जाते आणि १९८८ मध्ये त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. स्थानकाबाहेर चर्चपर्यंत जाणारी रिक्षा मिळते. संध्याकाळच्या परतीच्या लोकलना गर्दी असते, तेव्हा दुपारीच निघालेले बरे.