धुण्याची वाट

आइसलँडमध्ये रेक्याविकला उतरलेला पाहुणा पहिल्याच संध्याकाळी लॉयगावेगुरवर चक्कर मारून येतो. शहराचा हा मुख्य बाजाररस्ता. लोकरीचे स्वेटर, कॉफी, रात्री उशिरापर्यंत चालणारे बार, सगळं इथेच. दुसऱ्या दिवशी तो टॉवेल घेऊन पोहायच्या तलावावर जातो. या दोन्ही ठिकाणांची नाळ एकच आहे आणि ती रस्त्याच्या नावातच आहे, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

'वेगुर' म्हणजे वाट. 'लॉयग' म्हणजे अंगाला सोसेल अशा ऊन पाण्याचा झरा किंवा कुंड. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात, उन्हवरे आणि उन्हेरे ही गावं त्यावरूनच ओळखली जातात. आइसलँडच्या 'लॉयग'ला याहून चपखल मराठी शब्द मला सापडलेला नाही. शब्दाचं मूळ 'धुणे' या अर्थाच्या जुन्या धातूत आहे. लॅटिनमधला 'लवारे' त्याच धातूचा, आणि आपली कोपऱ्यावरची लाँड्री त्या 'लवारे'च्याच वंशातली. म्हणजे लॉयग आणि लाँड्री या लांबच्या बहिणी.

आइसलँडमध्ये शनिवारला 'लॉयगारदागुर' म्हणतात, अंघोळीचा वार. तिथल्या एका जुन्या बिशपने मंगळ, बुध, गुरू, शुक्र या वारांमधल्या जुन्या देवांची नावं काढून टाकली, असं परंपरा सांगते. शनिवारला त्याने हात लावला नाही. त्यात देव नव्हताच, नुसतं पाणी होतं. आपला शनिवार मारुतीला तेल घालण्यात जातो, त्यांचा स्वतःला धुण्यात जायचा.

पाण्याच्या उबेपुढे धर्मालाही थोडं नमावं लागलं. इसवी सन 1000च्या सुमारास थिंगवेत्लिरच्या सभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारायचं ठरलं, पण थंड पाण्यात बाप्तिस्मा घ्यायला बरेच जण तयार होईनात. मग ते लॉयगारवात्नच्या ऊन झऱ्यावर जाऊन ख्रिस्ती झाले. मला हा तपशील फार आवडतो. तेराव्या शतकातला इतिहासकार स्नोर्री स्तुर्लुसॉन याचं रेकहोल्तमधलं गोल दगडी कुंड आजही पाहता येतं. शेजारच्या झऱ्याचं पाणी पाटाने त्यात आणलेलं आहे.

पण रेक्याविकची लॉयग अशा थोरामोठ्यांची नव्हती. ती धुणेकरणींची होती. गावापासून सुमारे 3 किलोमीटरवर एका दरीत ऊन झरे होते. घरोघरच्या मोलकरणी आणि पैसे घेऊन धुणं धुणाऱ्या बायका पाठीवर कपड्यांचं बोचकं, टब, बादली, साबण असं सगळं बांधून दलदलीतून, बर्फातून तिथे चालत जात. परतताना तेच कपडे ओले, म्हणजे ओझं जास्तच. 1885मध्ये नगरपालिकेने लॉयगावेगुर हा रस्ता बांधायचं ठरवलं ते मुख्यतः या बायकांची वाट सुकर व्हावी म्हणून. खरी भीती मात्र वाटेत नव्हती, पाण्यात होती. ते उकळीच्या जवळ जाणारं, कडा निसरड्या. काही बायका पाय घसरून पडल्या आणि भाजून मेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटावर लोखंडी कमानी बसवल्या, तेव्हा कुठे वाकायला आधार आला.

त्याच दरीत मुलं पोहायला शिकू लागली. त्यालाही कारण मरणाचंच होतं. उघड्या होडीतून मासे मारणारे कोळी पोहता येत नसल्याने किनारा दिसत असताना बुडत. 1940मध्ये कायद्याने शाळेत पोहणं सक्तीचं झालं. आज तलावाला 'सुंदलॉयग' म्हणतात: पोहायची लॉयग.

मधल्या काळात पाणीच शहरात आलं. दरीत बोअर मारून 87 अंशांचं पाणी लागलं आणि 1930मध्ये ते 3 किलोमीटरच्या नळाने एका शाळेत आणि काही डझन घरांत पोचलं. घरं तापवणारं तेच पाणी तलावांना मिळालं. गुद्योन सामुएल्सॉन या वास्तुकाराने आखलेली सुंदहोत्ल ही बंदिस्त जलतरणशाळा 1937मध्ये उघडली. दरीतला मोठा उघडा तलाव 1968चा. बाहेर बर्फ पडत असताना लोक चाळीस अंशांच्या 'पोत्तुर'मध्ये, म्हणजे हंड्यात, गळ्यापर्यंत बसून राजकारण बोलतात. आपल्या पारावरच्या गप्पाच, फक्त ओल्या.

पाहुण्याची फजिती त्याआधीच झालेली असते. पोहायचा पोशाख चढवण्यापूर्वी, सगळ्यांसमोर, उघड्याने साबण लावून धुतल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. कुठले अवयव धुवायचे ते भिंतीवरच्या चित्रात रंगवून दाखवलेलं असतं. कारण उघड आहे, पाण्यात क्लोरीन कमी घालायचं तर माणसांनी स्वच्छ असलं पाहिजे. लाजणारा पाहुणा कोपरा शोधतो. शब्दाच्या मूळ अर्थाला तिथले लोक इतके पक्के आहेत: लॉयगमध्ये आधी धुणं, मग बाकीचं.

दरीतल्या त्या उघड्या तलावापासून थोडं चाललं की जुन्या धुण्याच्या जागेवर लोखंडी कमानी अजून उभ्या दिसतात. झऱ्यांचा नैसर्गिक प्रवाह बोअरच्या उपशाने केव्हाच थांबला. शेजारी आस्मुंदुर स्वेइन्सॉनने घडवलेली धुणेकरीण आहे, टबावर वाकलेली.