लाडांचं कारंजा आणि आजीचं वेष्टन



श्रुतपंचमीला बोरिवलीच्या मंदिरात जिनवाणीची पूजा झाली. चौरंगावर सगळे छापील ग्रंथ होते. शेजारी बसलेल्या एका नव्या सुनेनं हळूच विचारलं, "काकू, हातानं लिहिलेली पोथी कुठे बघायला मिळेल हो?" मी पटकन म्हणाले, "कारंजाला." तिला वाटलं, उरणजवळचं. नाही गं, हे लाडांचं कारंजा, वाशिम जिल्ह्यातलं. माझं आजोळ. आज त्याच गावाबद्दल लिहिते.

लहानपणी मुंबईहून मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून नॅरोगेजच्या शकुंतलेत बसायचं. तिच्या वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जायचा, मग मामी साडीच्या पदराला फुंकर घालून डोळा शेकायची. हे इंजिन मँचेस्टरला 1921 साली तयार झालं आणि 1994 पर्यंत धावलं, हे मला फार उशिरा कळलं. वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जावा म्हणून किलिक निक्सन कंपनीनं ही लाइन टाकली होती. आता गाडी बंद आहे. रुळांत गवत उगवलंय.

पण गाव गाडीच्या कितीतरी आधीचं. चारी बाजूंना वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. नावांवरूनच कळतं, माल कुठून यायचा नि कुठे जायचा. दत्तभक्तांसाठी हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, त्यामुळे गुरुमंदिरात कायम गर्दी. आणि आपल्यासाठी हे बघेरवाल व्यापाऱ्यांचं, भट्टारकांच्या गाद्यांचं गाव. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, तिघांचीही मंदिरं एकाच गावात.

श्रीमंती किती होती? कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आजी सांगायची. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा इथल्या एका शेटनं सगळी विकत घेतली आणि चालू असलेल्या बांधकामाच्या गाऱ्यात ओतली. ही दंतकथाच. मी कॉमर्सची, मला आकडा लागतो. तो सापडतो 1670 मध्ये. कारंजा तेव्हा मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात होतं. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षी शिवाजी महाराजांचं सैन्य इथे आलं. जदुनाथ सरकार लिहितात की सोनं, चांदी, तलम कापड वाहायला चार हजार बैल आणि गाढवं लागली आणि ऐवज होता एक कोटीचा. गावातले श्रीमंत खंडणीसाठी धरून नेले, सगळ्यांत मोठा सावकार तेवढा बायकी वेशात निसटला! आजी हे सांगताना खुदकन हसायची, "संकटात लुगडंच कामी आलं बघ."

एवढं जाऊनही गाव बसलं नाही. लुटीला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा शीलविजय नावाचे श्वेतांबर साधू यात्रा करत इथे आले. त्यांनी बघेरवाल भोज संघवींच्या वैभवाचं आणि दानधर्माचं वर्णन करून ठेवलं आहे.

आता पोथ्यांकडे येते. चार हजार जनावरांवर लादलेल्या मालात पोथ्या नव्हत्या. त्यांना बाजारात किंमत नव्हती, म्हणून मंदिरांच्या कपाटांत त्या राहिल्या. रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये निघाली, तेव्हा कारंजाचा साठा अभ्यासकांना दिसला. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हीरालाल जैन (नावं सारखी, माणसं वेगळी) आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी हे ग्रंथ संपादित केले. त्यासाठी कारंजाच्याच चवरे घराण्याच्या नावानं ग्रंथमाला सुरू झाली. 1931 मध्ये पुष्पदंत कवीचं 'जसहरचरिउ' आलं, 1933 मध्ये 'णायकुमारचरिउ' आणि 1934 मध्ये कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ'. भाषा अपभ्रंश, म्हणजे आपल्या मराठीच्या आधीची पायरी. 'करकंडचरिउ'त तर आपल्या तेरचा आणि धाराशिवच्या लेण्यांचा उल्लेख आहे. हजार वर्षांपूर्वीचा पुष्पदंत राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात बसून लिहितो आणि त्याचे शब्द वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारगावात टिकतात.

टिकतात, पण कसे? कागद आपोआप टिकत नाही. मूडबिद्रीच्या महाबंधाच्या ताडपत्रावर मल्लिकब्बे या बाईचं नाव आहे. श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिनं तो ग्रंथ लिहवून घेऊन माघनंदी मुनींना दिला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी अशा श्राविकांची नावं भेटतात. आपण उद्यापनाला स्टीलचे डबे वाटतो, त्या शास्त्र लिहवून द्यायच्या. आणि पुढचं काम घरातल्या बायकांचं. श्रुतपंचमीला पोथी बाहेर काढायची, उन्हाची तिरीप दाखवायची, झटकायची, धुतलेल्या सुती वेष्टनात पुन्हा बांधायची. आजी गाठ मारताना म्हणायची, पोथीला शत्रूसारखं बांधावं नि मुलासारखं जपावं.

1918 मध्ये देवचंदजींनी, म्हणजे पुढच्या समंतभद्र महाराजांनी, इथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम काढला. कुंभोजजवळचं बाहुबलीचं गुरुकुल त्यानंतरचं, 1934 सालचं. मुलींसाठी कंकुबाई श्राविकाश्रमही कारंजाला झाला. आजी म्हणायची, आमच्या वेळी असता तर मलाही पोथी नुसती बांधता नाही, वाचताही आली असती. तिला अक्षरओळख नव्हती.

आता माझी चूक सांगते. आजी गेल्यावर तिची एक लहान पोथी माझ्याकडे आली. मी शहाणपणा केला. मुंबईचा पाऊस, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवली. चार वर्षांनी उघडली तर आत घाम धरलेला, पानं एकमेकांना चिकटलेली, कडा काळ्या. सुती कापड ओल शोषतं आणि हवा खेळू देतं. प्लास्टिक ओल कोंडून ठेवतं. निरक्षर आजीला हे माहीत होतं, बी.कॉम. नातीला नव्हतं. नऊ पानं सुटली, बाकीची ओढायची नाहीत असं जाणकारांनी सांगितलं.

मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. काल फोनवर म्हणाल्या, "दिवाळीला ये, ती पोथी घेऊन ये, इथे कोरड्या हवेत राहील." मी सव्वा मीटर मांजरपाट आणून खळ जाईपर्यंत दोनदा धुऊन वाळत घातलंय. कुणाकडे घरात जुनी पोथी असेल तर आजच पिशवीतून काढून बघा गं, आणि कशी निघाली ते मला कळवा.