श्रेयनामावलीच्या तळाशी

माझा मावसभाऊ मुंबईत एका व्हीएफएक्स स्टुडिओत रोटो करतो. रोटो म्हणजे शॉटमधल्या माणसाची कड फ्रेमगणिक आखत जायची, मग मागचं दृश्य बदलता येतं. सेकंदाला २४ फ्रेम्स! परवा त्याच्यासोबत पिक्चरला गेलो, तर शेवटच्या पाट्या संपेपर्यंत पठ्ठ्या उठेना. स्वतःचं नाव शोधत होता. नव्हतं. बाहेर चहा पिताना म्हणाला, "दादा, कंपोझिटरला माझ्या दुपटीहून जास्त मिळतात. मी कड नीट काढली नाही तर तो जोडणार काय, कपाळ?"

उत्तर सुचेना, म्हणून शनिवारभर वाचत बसलो. हे दुखणं कॉम्प्युटरपेक्षा जुनं निघालं.

१९३७ साली डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला. अॅनिमेटर पेन्सिलीने चित्रं काढायचे. ती सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचं आणि मागून रंगवायचं काम वेगळ्या विभागात चाले. तिथे बहुतेक मुली. हात जरा थरथरला की सेल बाद. पण हे काम 'गिरवणं' ठरलं आणि पेन्सिलीचं काम 'कला'. वरच्या मोजक्या अॅनिमेटर्सना आठवड्याला २०० ते ३०० डॉलर, आणि तळच्या लोकांना अगदी १२ डॉलरसुद्धा! पडद्यावर बहुतेकांचं नाव नाही ते वेगळंच.

२९ मे १९४१ ला संप झाला. गंमत म्हणजे त्यात पुढे होता आर्ट बॅबिट, गूफीला घडवणारा, भरपूर पगाराचा अॅनिमेटर. युनियनच्या कामामुळे त्याला काढून टाकलं होतं. शेवटी सरकारी मध्यस्थीनंतर डिस्नेला युनियन मान्य करावी लागली. म्हणजे काम तेच, कौशल्य तेच. बदललं फक्त टेबलावर कोण बसलंय ते.

व्हीएफएक्सवाल्यांना मात्र हे टेबल मिळायला फार उशीर झाला. स्टुडिओ काम घेतात ठरलेल्या रकमेवर. दिग्दर्शकाने दहा वेळा बदल सांगितले तरी बऱ्याचदा खर्च स्टुडिओच्याच माथी. (फिक्स्ड बिड प्रोजेक्ट केलेल्यांना अधिक सांगायला नको.) 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ बनवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने ११ फेब्रुवारी २०१३ ला दिवाळखोरी जाहीर केली आणि १३ दिवसांनी त्याच कामाला ऑस्कर मिळालं! मंचावर कंपनीच्या अडचणीचा विषय निघताच संगीत वाढवून भाषण गुंडाळलं गेलं. या कंपनीच्या मुंबई-हैदराबादलाही शाखा होत्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियन निवडली. मार्व्हल कोणाची? डिस्नेची. मधे ८२ वर्षं गेली. आणि तीही फक्त अमेरिकेतल्यांसाठी. माझ्या भावाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तर मला लागलेला अर्थ असा: पगार काम किती अवघड आहे यावरच ठरत नाही. तुमच्या जागी दुसरा किती पटकन बसवता येतो आणि तुमचं नाव कोणाला माहीत आहे, यावरही ठरतो. म्हणून ती पाटी. तिच्यात नाव असलं तर पुढच्या नोकरीत दाखवायला काहीतरी राहतं. तो उगाच नव्हता बसून राहिला.

आणि आपण आयटीवाल्यांनी फार हसू नये. रिलीजच्या मेलमध्ये टेस्टरचं नाव शेवटचं कधी वाचलं होतं, आठवतंय? मला तरी नाही आठवत.