शिरस्त्राणाचा सांधा : युद्धसाहित्याचा संग्रह आणि ऐतिहासिक पुरावा

दुसऱ्या महायुद्धातील प्रसंगांचे पुनर्सादरीकरण करणारे युरोप-अमेरिकेतील हौशी गट तत्कालीन लष्करी साहित्य जमवतात. हा केवळ छंद नसून त्यामागे भौतिक पुराव्याची चिकित्सा असते. उदाहरणार्थ, १९४१ मध्ये स्वीकृत झालेल्या अमेरिकन ‘एम-१’ शिरस्त्राणाच्या पट्ट्याच्या स्थिर कड्या तुटत असत. म्हणून १९४३ पासून त्या हलत्या करण्यात आल्या. काठपट्टीचा सांधा १९४४ च्या उत्तरार्धात पुढून मागे गेला. त्यामुळे जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या सादरीकरणात मागील सांध्याचे शिरस्त्राण कालविसंगत ठरते. तथापि मूळ वस्तू मैदानात वापरल्यास तिच्यावरील रंग व खुणा झिजतात. म्हणजे पुरावाच नष्ट होतो. म्हणून सादरीकरणात प्रतिकृती वापरावी आणि मूळ वस्तू नोंदीसह जतन करावी, हेच इतिहासदृष्ट्या उचित होय.